अब्बा, वजू आणि ‘असंयम’

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्याला दिवसभर एकच काम असतं, या भाषेतला शब्द त्या भाषेत न्यायचा. ‘पाऊस’ म्हणजे बारिश, ‘आठवण’ म्हणजे याद, इतकं सोपं असतं तोवर ठीक. गेल्या वर्षी सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या भिंतीवर ‘पुरुषांमधील मूत्र असंयम’ असा फलक वाचला आणि मी बाकावर बसल्या बसल्या अडकलो. असंयम! आमच्या निबंधाच्या तासाला संयम हा सद्गुण असतो. जिभेवर, रागावर, पैशावर ज्याचा ताबा नाही तो असंयमी. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची लघवी ठिबकते यात त्याच्या स्वभावाचाच काही दोष असावा, असं तो फलक सुचवत होता. उर्दूत, म्हणजे मुळात अरबीत, याला ‘सलसुल बौल’ म्हणतात. बौल म्हणजे लघवी आणि सलस म्हणजे सहज वाहणं. एखाद्या शायराच्या भाषेत ‘सलासत’ आहे असं म्हणतात ना, त्याच कुळातला शब्द. हकिमांच्या आणि फिक्हच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, जुन्या किताबांत हाच शब्द आहे. त्यात कुणावर ठपका नाही.

हे दोन्ही शब्द पुस्तकातले. घरात यासाठी शब्दच नसतो. आमच्याकडे फार तर ‘कतरे आते’ म्हणतात, मराठी घरात ‘जरा त्रास आहे’ म्हणतात. कसला त्रास, ते कुणी विचारत नाही.

त्या बाकावर मी अब्बांना घेऊन बसलो होतो. अब्बा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून पाची वक्तांची नमाज मशिदीत, पहिल्या सफेत, उजव्या कोपऱ्याला. तिथून ते आधी मागच्या सफेत गेले. मग फक्त जुम्याला जाऊ लागले. मग तेही थांबलं. विचारलं तर म्हणायचे, “अल्ला क्या मस्जिदीच में है? घर में बी है.” गुडघे दुखत असतील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. अब्बांनीही ते तसंच चालू दिलं. बाकीच्या गोष्टी एकेक करून गळत होत्या. लातूरला भाच्याचं लग्न होतं, तब्येत बरी नाही म्हणाले. दुपारचा चहा सोडला. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. खुर्चीवर बसताना घडी घातलेला टॉवेल खाली घ्यायचे, पाठ दुखते म्हणून. टॉवेल पाठीला नसायचा.

शेवटी अम्मीनं सांगितलं. तेही मला नाही, माझ्या बायकोला, आणि बायकोनं मला. रात्री गादी भिजते. दिवसाला तीन लुंग्या निघतात, त्या अब्बा स्वतः न्हाणीत धुतात. गादीवर मेणकापड घातलंय, ते अम्मीनं नातवाच्या वेळचं शोधून काढलं होतं. असं किती दिवस चाललंय? आठ महिने.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडं थांबून सांगतो, की पहिली गळाली ती मशीदच का. नमाजेसाठी शरीर, कपडा आणि जागा पाक असावी लागते, आणि आधी वजू करावा लागतो, म्हणजे हात, तोंड, पाय ठरलेल्या पद्धतीनं धुणं. लघवीचा एक थेंब बाहेर आला तरी वजू तुटतो. लघवीच्या शिंतोड्यांपासून जपण्याची ताकीद हदीसमध्ये आहे, ती न पाळणाऱ्याच्या कबरीतल्या अजाबची गोष्टही आहे, आणि ती आपल्यातल्या प्रत्येक मुलानं मक्तबमध्ये सातव्या-आठव्या वर्षी ऐकलेली असते. त्यामुळे साठ वर्षांनंतर लुंगी ओली झाली की मनात आधी आजार येत नाही, कबर येते. अब्बा एका जुहरच्या नमाजेसाठी तीन-तीनदा वजू करत होते. दुसऱ्या रकातीत ओलं वाटायचं, सलाम न फिरवता उठायचे, न्हाणीत जायचे, लुंगी बदलायची, पुन्हा सुरुवात. जमातीनं नमाज पढताना सफेतून असं उठून गेलं तर शेजारचा बघतो. दोनदा बघितल्यावर माणूस मागच्या सफेत जातो, तिसऱ्यांदा घरी बसतो.

मग डॉक्टरकडे का नाही गेले? एक कारण भिंतींवर रंगवलेलं आहे. कुठल्याही हायवेनं जा, ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘धातू जाणे’ या शब्दांच्या जाहिराती मैलामैलाला दिसतात. आपल्या समाजात, हिंदू असो की मुसलमान, पुरुषाच्या त्या अवयवातून काहीही ठिबकलं की ते पौरुषाच्या खात्यात जमा होतं. चाळिशीतला माणूस बंद खोलीतल्या वैद्याकडे पैसे घालवून येतो, आणि सत्तरीतला माणूस ‘या वयात कमजोरीचा डॉक्टर कशाला’ म्हणून गप्प बसतो. दुसरं कारण म्हणजे ‘वय झालं’ हे वाक्य. या वाक्यानं जितकी दुखणी झाकली जातात तितकी कुठल्याच चादरीनं झाकली जात नसतील. अम्मी मला नंतर म्हणाली, “हमारे में कुछ हुआ तो बहन कू बोलते. तुम मर्दां किसे बोलते?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या तासाला मुलांच्या अंथरूण ओलं करण्यावर शिकवलं होतं, की रागवू नका, इतरांसमोर उल्लेख करू नका, कारण शोधा. म्हाताऱ्या माणसासाठी हेच तीन नियम लागतात, पण तो धडा कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

डॉक्टरांनी अब्बांना जे विचारलं ते मी मुद्दाम लिहून ठेवलं, कारण निम्मं निदान त्या प्रश्नांतच होतं. खोकल्यावर येते की आपोआप? घाई लागते आणि पोचेपर्यंत सुटते का? रात्री किती वेळा उठता? धार कशी आहे, जोर लावावा लागतो का? करून आल्यावर पोट मोकळं वाटतं का? साखर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत? अब्बा माझ्यासमोर उत्तर देईनात. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं, ते बरं केलं.

मग सोनोग्राफी झाली. आधी भरल्या पोटी, नंतर लघवी करून आल्यावर. गोम दुसऱ्या वेळी सापडली. माणसाच्या मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिलीलिटर लघवी मावते, आणि करून आल्यावर फारसं काही उरायला नको. अब्बांच्या पोटात करून आल्यानंतरही नऊशेच्या आसपास उरली होती. आम्ही सगळे समजत होतो की त्यांची लघवी थांबत नाही. खरं तर ती होतच नव्हती. टाकी काठोकाठ भरलेली, खालची तोटी जवळजवळ बंद, आणि वरून सांडतंय ते आम्हाला दिसत होतं. रात्री स्नायू सैल पडले की गादी भिजायची. म्हातारपणी नव्यानं अंथरूण ओलं व्हायला लागलं की डॉक्टरांना पहिली शंका याचीच येते. अशा तुंबलेल्या लघवीचा दाब मागे किडनीवर येतो. अब्बांचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं. म्हणजे गुडघ्यांच्या नावाखाली आठ महिने जे चाललं होतं, त्यात त्यांची किडनी पणाला लागली होती.

तोटी बंद करणारी वस्तू म्हणजे प्रोस्टेट. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी गाठ असते, तिच्या मधून मूत्रमार्ग जातो. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत ती वाढलेली असते, म्हणजे सफेत उभ्या दहा बुजुर्गांपैकी पाच जणांत. बहुतेकांत ही वाढ कॅन्सरची नसते. कॅन्सर वेगळा, त्याची तपासणी वेगळी, पण लक्षणं दोन्हींची सारखी असू शकतात, म्हणून दाखवणं भाग आहे.

इथे मला एक गोष्ट पक्की कळली, आणि हा लेख मी तिच्यासाठीच लिहितोय. ‘लघवी सुटते’ हे एकच वाक्य आहे, पण त्याखाली चार-पाच वेगवेगळे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरू शकतं. अब्बांसारखी तुंबून सांडणारी एक. दुसरी घाईची, म्हणजे मूत्राशय भरण्याआधीच आकुंचन पावतं आणि दारापर्यंत पोचू देत नाही. पक्षाघात, पार्किन्सन, मधुमेह यांत ही दिसते. तिसरी खोकला, शिंक, ओझं उचलणं यांवर सुटणारी. पुरुषांत ही बहुतेक वेळा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी गाठ पूर्ण काढल्यानंतर दिसते, आणि बहुतेकांत काही महिन्यांत, कुणाला वर्षभरात, बरीच कमी होते. काहींना या दोन-तीन गोष्टी एकदम असतात. काहींचं मूत्राशय ठीक असतं, पण गुडघे धरलेले, संडास अंगणापलीकडे, नाडीची गाठ सुटत नाही, आणि तेवढ्यात होऊन जातं. त्यावर औषध नाही, पलंगाजवळ भांडं आणि नाडीऐवजी इलास्टिक लागतं. आता बघा, घाईच्या प्रकाराला मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या देतात. त्याच गोळ्या अब्बांनी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून मेडिकलमधून आणून घेतल्या असत्या, तर उरलीसुरली लघवीही बंद पडली असती. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांनीसुद्धा प्रोस्टेटवाल्याची लघवी रात्रीत अडकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्याच असतात, त्या संध्याकाळी घेतल्या की रात्र न्हाणीत जाते. डॉक्टरांना विचारून वेळ बदलली तरी फरक पडतो. ज्यांना जुना मधुमेह आहे त्यांचं तर दुहेरी नुकसान, साखर लघवी वाढवते आणि मूत्राशयाच्या नसा बधिर होऊन भरल्याची जाणीवच उरत नाही.

आणि पाणी तोडणं हा उपाय नाही. लघवी घट्ट झाली की मूत्राशय उलट चिडतं. दिवसा नीट प्यावं, झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी करावं, चहा आवरावा. लघवीत रक्त, ताप, पोट तट्ट फुगून लघवी अजिबात न होणं, किंवा पायांत एकाएकी अशक्तपणा आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, यांतलं काहीही झालं तर मात्र उद्यावर ढकलायचं नाही.

अब्बांना नळी घातली, पायाला पिशवी बांधली, किडनीचे आकडे खाली येईपर्यंत थांबले, आणि मग दुर्बिणीनं मूत्रमार्गातूनच गाठीचा अडणारा भाग काढला. पोटावर टाका नाही. सगळ्यांना हे लागत नाही. वेळेवर गेलेल्या अनेकांचं नुसत्या गोळ्यांवर भागतं, फक्त त्या घेतल्यावर झटकन उभं राहिलं तर चक्कर येते. नळी निघाल्यावर काही आठवडे घाई आणि थोडं सांडणं राहिलं. त्यासाठी एक तक्ता ठेवायला सांगितला होता, किती वाजता प्यायलं, किती वाजता केली, किती, कधी सांडली. हा तक्ता मी शाळेच्या हजेरीच्या वहीत आखून दिला. अब्बांनी त्यात मेकॅनिकच्या जुन्या सवयीनं ‘लीकेज’ असा रकाना केला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. सोबत कमरेच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम होता. वारा रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, तितकाच वेळ सोडायचे, एका वेळी दहादा, दिवसातून तीनदा. पोट किंवा मांड्या आवळायच्या नाहीत, आणि हे लघवी करताना करायचं नाही. गुण यायला महिने लागतात, म्हणून बहुतेकजण दहा दिवसांत सोडतात.

उठल्यावर दोन थेंब येतात, ही तक्रार तर चाळिशीतल्यांचीही असते, माझ्या स्टाफरूममध्ये तिघांची आहे. हा बहुधा आजार नसतोच. मूत्रमार्गाला वाटेत एक वळण आहे, तिथे थोडी लघवी राहते आणि उभं राहिल्यावर बाहेर येते. अंडकोशाच्या मागे बोटांनी हलकं दाबून पुढे आणलं की ती निघून जाते. डॉक्टरांनी हे शिकवल्यावर अब्बा म्हणाले, “ये तो इस्तिब्रा है.” खरंच होतं. लघवीनंतर काही पावलं चालणं, खाकरणं, थेंब संपल्याची खात्री करून घेणं, याला फिक्हमध्ये इस्तिब्रा म्हणतात. लहानपणी गावच्या मशिदीमागे मातीचं ढेकूळ धरून येरझाऱ्या घालणारे बुजुर्ग आठवतात, आम्ही पोरं त्यांना हसायचो.

धर्माची बाजू मी आमच्या इमामसाहेबांकडून समजून घेतली. ज्याचा थेंब थांबतच नाही त्याला ‘माजूर’ म्हणतात, म्हणजे ज्याला उज्र, रास्त अडचण आहे तो. हनफी मसलकात नियम असा आहे की एका नमाजेचा पूर्ण वक्त निघून जावा आणि वजू करून फर्ज पढण्याइतकीही कोरडी सवड मिळू नये, तर तो माजूर ठरला. पुढे प्रत्येक वक्तात एकदा जरी त्रास झाला तरी सवलत चालू राहते. त्यानं वक्त सुरू झाल्यावर एकदा वजू करायचा, आणि तो वक्त संपेपर्यंत त्या थेंबानं त्याचा वजू तुटत नाही. कपडा धुऊनही नमाज संपायच्या आत पुन्हा भिजणारच असेल, तर धुण्याची सक्ती नाही. कोकणातले आपले शाफई भाऊ थोडं वेगळं करतात. स्वच्छता, पट्टी बांधणं आणि वजू हे सगळं वक्त सुरू झाल्यावर लागोपाठ, आणि प्रत्येक फर्जसाठी नव्यानं. सवलत दोन्हीकडे आहे. आणि नुसत्या ‘ओलं वाटलं’नं काही तुटत नाही. खात्री ही शंकेनं जात नाही, हा फिक्हचा पायाभूत नियम आहे. न संपणारी शंका म्हणजे वसवसा, त्याच्या मागे लागायचं नसतं.

हिशेब लावला तर अब्बा त्या आठ महिन्यांतला बराच काळ माजूर होते, आणि एका वजूत त्यांचं भागत होतं. ऑपरेशननंतर ते माजूर राहिले नाहीत, कारण आता कोरडी सवड मिळत होती. इमामसाहेब म्हणाले, अजानच्या वीस मिनिटं आधी जाऊन या, सवड बघून उभे राहा. आणि त्यांनी एक बजावलं, सवलत नमाजेसाठी आहे, इलाज टाळण्यासाठी नाही.

ही सवलत आली कुठून, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला अम्मीचा प्रश्न आठवला. हजरत फातिमा बिंते अबी हुबैश यांना रक्तस्राव थांबत नसे. त्या थेट पैगंबर साहेबांकडे आल्या आणि विचारलं, मी पाक होतच नाही, मग नमाज सोडून देऊ का? उत्तर मिळालं, नाही, ही रगेची गोष्ट आहे. त्या प्रश्नोत्तरावरून फुकहांनी पुढे नाकातून रक्त येणारे, जखम वाहणारे आणि लघवी ठिबकणारे, या सगळ्यांचा नियम काढला. म्हणजे आज प्रोस्टेटचा पुरुष ज्या सवलतीवर नमाज पढतो, ती एका बाईनं न लाजता विचारल्यामुळे मिळालेली आहे. मूळव्याध होती म्हणून हजरत इम्रान बिन हुसैन यांनीही विचारलंच होतं, नमाज कशी पढू, आणि उभं, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर, हे उत्तर त्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आलं. विचारण्याची लाज आपण मागाहून कमावलेली आहे.

रोजच्या व्यवहारात अडचण वेगळीच निघते. डायपर स्वस्त नाही, तीस-चाळीस रुपयांना एक, आणि महिन्याचं पेन्शन ठरलेलं. थोडं सांडणाऱ्याला पूर्ण डायपर लागतही नाही, पुरुषांसाठी छोटे पॅड मिळतात, पण मेडिकलवाल्याला ते मागताना चार गिऱ्हाइकं ऐकत असतात. रात्रीपुरती निरोधसारखी टोपी आणि तिला जोडलेली पिशवी, म्हणजे कंडोम कॅथेटर, हाही मार्ग आहे, मात्र तुंबणाऱ्यानं त्यावर निभावून न्यायचं नाही. आणि बदललेलं पॅड टाकायचं कुठे? एसटी स्टँड, लग्नाचं कार्यालय, शाळा, मशीद, कुठल्याही पुरुषांच्या संडासात आत डबा नसतो. माणूस भिजलेलं पॅड कागदात गुंडाळून खिशात घालून घरी आणतो. अब्बांनी लातूरचं लग्न का टाळलं असेल, त्यात हेही असावं.

मशीद कमिटीच्या बैठकीत मी झाकणाच्या डब्याचा विषय काढला. ट्रस्टी म्हणाले, “जेंट्स में डब्बा किसे होना?” मी अब्बांचं नाव घेतलं नाही, प्रोस्टेट हा शब्द उच्चारला, आणि खोलीत असे काही खाली बघायला लागले की जणू मी हजेरीच घेतोय. खजिनदारांनी चर्चा न करता दोनशे वीस रुपये मंजूर केले. पहिले तीन आठवडे डबा रिकामाच होता. आता जुम्याच्या नमाजेनंतर तो रिकामा करावाच लागतो, असं परवा मुअज्जिनसाहेब सांगत होते.